दोरा कुठला घेतलास?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, त्यावर आपली मुलंच आपल्याला रोज घरी ऐकवतात. मला आज एक कबुली द्यायची आहे. ज्यांच्यापुढे द्यायची ते हस्तकलेचे सर पहिल्या रांगेत बसलेत, म्हणून थोडी भीतीही वाटते आहे. चाळिशी उलटली तरी सरांची भीती जात नाही.

ग्रंथालयातल्या काचेच्या कपाटातलं गुराब तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. दोन फुटांच्या आसपास लांब, दोन डोलकाठ्या, पुढे टोकदार नाळ. आपण नववीत असताना सरांनी आणि आपल्या वर्गातल्या चार मुलांनी ते केलं. मुलींना त्या तासाला शिवण असायचं, त्यामुळे आमच्याकडे एकच काम आलं होतं, दोऱ्याला मेण लावून द्यायचं. मी जवळजवळ दोन महिने मेण लावलं. त्या जहाजात माझा वाटा तेवढाच, पण तो मी कधी विसरले नाही.

मधल्या डोलकाठीला दोन्ही बाजूंनी जाड दोऱ्या धरून असतात. त्यांना श्राउड म्हणतात. त्यांच्यावर आडव्या बारीक दोऱ्या बांधल्या की खलाशांना वर चढायची शिडी तयार होते. आपल्या जहाजाला एका बाजूला पाच श्राउड आणि चौदा पायऱ्या, म्हणजे सत्तर गाठी. डावीकडच्या सत्तर गाठी आपल्या ज्या मित्रानं मारल्या, तो २०२१च्या मे महिन्यात गेला. नाव घेत नाही, सगळ्यांना कळलंय. तो डावखुरा होता. स्काउटमध्ये आपल्याला क्लोव्ह हिच शिकवली, ती त्याच्या हातून आरशात बघितल्यासारखी उलटी पडायची. सरांनी ती सुधारायला लावली नाही. भिंग घेऊन बघितलं तर आजही कळतं, डावी बाजू त्याची.

२०१६च्या मेळाव्याआधी शाळेनं विचारलं, जहाजाच्या दोऱ्या लोंबायला लागल्यात, कुणी नीट करेल का? मी लगेच हात वर केला. बाईमाणूस असून जहाजाचं काम करणार, त्यात इंजिनिअर, मग काय विचारता! उजवीकडचा जुना दोरा मी कात्रीनं कापून टाकला आणि त्याजागी तंगूस बांधली, मासे धरायच्या गळाला असते ती. पारदर्शक, मजबूत, कधी कुजणार नाही. गिटारच्या तारेसारखी ताणून बांधली. मेळाव्यात आपला मित्र कपाटाजवळ आला, बघितलं आणि म्हणाला, “माझ्या गाठींना हात लावलीस तर बघ हं.” सर काही बोलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “दोरा कुठला घेतलास गं?”

मला वाटलं, सहज विचारलं.

नायलॉनची तंगूस म्हणजे एक फार बारीक स्प्रिंग. ताणली की ती परत आखडायला बघते, दिवसरात्र ओढत राहते. दुसऱ्या बाजूला बावीस वर्षांचा सुती दोरा, त्याच्यात तिला अडवायची ताकद नाही. डोलकाठी उजवीकडे कलत गेली. २०२२ साली शाळेतून फोन आला तेव्हा ती बुडाशी चिरली होती, आणि डावीकडचा एक श्राउड तुटून सहा गाठी सुटल्या होत्या. मी त्याच्या गाठींना हात लावला नव्हता, पण सहा गाठी माझ्यामुळेच सुटल्या.

गेली तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी मी त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधते आहे. दोरा कुठला घ्यायचा? कोडिंगमध्ये चूक झाली तर आदल्या दिवशीची प्रत परत आणता येते. इथे ती सोय नव्हती.

आधी जाडी. जहाजाचं प्रमाण सरांनी कुठे लिहून ठेवलं नव्हतं, पण फळीवर मातीचा एक खलाशी उभा आहे. तो मोजला, साडेतीन सेंटिमीटर. माणूस साडेपाच फुटांचा धरला तर प्रमाण येतं एकास अठ्ठेचाळीस. पुढचा प्रश्न, खऱ्या जहाजावर दोर केवढा होता? आपल्या गुराबांचं मोजायला काही उरलेलं नाही. तुळाजी आंग्र्यांचं आरमार फेब्रुवारी १७५६मध्ये विजयदुर्गाच्या पायथ्याशी जळालं. जहाजं एकमेकांना बांधून ठेवलेली होती, एकाला आग लागली ती सगळ्यांना लागली. जिथे लाकूड राहिलं नाही तिथे दोर कुठून राहणार? म्हणून मी इंग्रजी कोष्टकांकडे वळले. डेव्हिड स्टील यांचा १७९४ सालचा ग्रंथ आहे, डोलकाठ्या, शिडं आणि दोरखंडांवरचा. त्यात कुठल्या आकाराच्या जहाजाला कुठला दोर, ते इंचांत दिलेलं आहे. आपल्या गुराबाएवढ्या जहाजाला मी सहा इंचाचा श्राउड धरला. सहा इंच म्हणजे १५२ मिलिमीटर, भागिले ४८, तीन मिलिमीटरच्या वर. तेवढ्या जाडीचा दोरा आणला, बांधला, आणि जहाज दिसायला लागलं साखळदंडानं जखडल्यासारखं.

दोन आठवडे मी गणित तपासत होते. गणित बरोबरच होतं, मी कोष्टक चुकीचं वाचलं होतं. त्या काळी दोर घेरावर मोजत. जाड दोराचा व्यास मोजणार कसा? त्याच्याभोवती पट्टी गुंडाळायची आणि आकडा वाचायचा, आपण मनगट मोजून बांगडीचं माप देतो तसं. सहा इंच घेर म्हणजे व्यास दोन इंचांच्या आत, ४८ मिलिमीटर. भागिले ४८, बरोबर एक मिलिमीटर.

मग मी डावीकडचा, सरांचा जुना श्राउड मोजला. त्याची युक्ती सोपी आहे. पेन्सिलीवर दोरा शेजारी शेजारी वीस वेळा गुंडाळायचा, पट्टीनं रुंदी मोजायची आणि वीसनं भागायचं. तुटलेल्या तुकड्याला वीस वेढे पुरले नाहीत, दहाच घेतले. अकरा मिलिमीटर. म्हणजे सरांच्या नजरेत आणि लंडनच्या कोष्टकात एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याचा फरक. सर, त्या दिवशी मी घरी एकटीच हसत होते.

जाडी कळली, पण दोरा कशाचा? हे खरं अवघड निघालं. माझा पहिला विचार भाबडा होता. कोकणच्या जहाजांवर काथ्याचे दोर असत, मग आपणही काथ्याच वापरावा. काथ्याला खारं पाणी मानवतं, म्हणून आपल्या किनाऱ्यावर शतकानुशतकं तोच चालला. दोरासाठी चालला आणि फळ्या शिवण्यासाठीही. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेलं कौंडिण्य २०२५मध्ये आपल्या नौदलात आलं, त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीनंच शिवल्यात. तर मी मालवणहून काथ्या आणला. आणि काथ्याचा एक नुसता तंतूच एक मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याएवढा जाड निघाला! म्हणजे छोट्या जहाजावर एकेक तंतू सेंटिमीटरभर जाडीच्या वेतासारखा दिसणार. खरी वस्तू लहान जहाजावर खोटी दिसते. काथ्यासारखं दिसायला काथ्या सोडून दुसरं काहीतरी लागतं.

(मालवणला गेले तेव्हा आठवलं, करवीर राज्याला समुद्र होता. सिंधुदुर्ग इंग्रजांनी १७६५ साली घेतला, त्याचं फोर्ट ऑगस्टस असं नाव ठेवलं, वर्षभरात परत दिला, आणि १८१२च्या तहात कायमचा घेतला. तोवर मालवण कोल्हापूरकडे होतं. कोल्हापूरच्या शाळेत गुराब कशाला, असं ज्यांनी तेव्हा विचारलं होतं त्यांना हे उत्तर, जरा उशिरा.)

बाकीचे दोरे मी एकेक करून बघितले. महाद्वार रोडवर शिलाईचा पॉलिस्टर दोरा घेतला. तो दमट हवेत लांबी बदलत नाही, त्याला लव नसते, वर्षानुवर्षं टिकतो. पण ट्यूबलाइटखाली चमकतो, आणि घरच्या रंगात रंगत नाही. रेशीम गुजरीत पटवेकऱ्यांकडे मिळालं. सुंदर, पण ते साजासाठी. जहाजावर ते नवरीसारखं दिसतं. चप्पल लाइनीत चामडं शिवायचा मेणाचा दोरा मिळाला, तो मला सगळ्यात आवडला होता, पण हव्या त्या जाडीत येईना. लिननचा धागा म्हणजे जवसाच्या खोडाचा, जुन्या जहाजांच्या प्रतिकृतींत तो फार टिकलेला आहे. पण बारीक, गाठी नसलेला लिनन आपल्याकडे दुकानात मिळत नाही. राहिला सुती दोरा. त्याच्याबद्दल पुस्तकात वाईटच जास्त लिहिलेलं आहे. लव फार आणि दमटपणा फार ओढतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये बांधलेला दोरा जुलैत बघा. घट्ट पिळाचा फुगून आखडतो, सैल पिळाचा लोंबतो. एकाच डोलकाठीवर दोन्ही प्रकार झाले तर ती कुठे बघेल सांगता येत नाही.

तरीही मी सुती घेतला, कारण डावीकडे सुती होता. एका बाजूला पॉलिस्टर आणि दुसऱ्या बाजूला कापूस म्हणजे पुन्हा तेच, एक बाजू हलणार आणि दुसरी हलणार नाही. दोन्ही बाजू एकत्र फुगल्या आणि एकत्र सुकल्या तर काठी मधेच राहील. हे कळायला मला एक डोलकाठी मोडावी लागली.

आता पीळ. हा भाग जरा लांबेल, पण इथेच मला सगळ्यात जास्त मजा आली. विकतच्या दोऱ्याला दोराचं रूप नसतं. तीन पेड वळलेले दिसले पाहिजेत, वेणीसारखे नाही, पिळासारखे. म्हणून दोर आपणच वळायचा. मी तीन आकड्यांचं एक छोटं यंत्र केलं, छोटी मोटर लावली, वेग नियंत्रित करायला प्रोग्राम लिहिला (सवय जात नाही), आणि छान गुळगुळीत दोर काढला. सरांच्या दोराशेजारी ठेवला. सरांच्या दोरावरच्या तिरप्या रेघा खालून वर उजवीकडे जातात, माझ्या डावीकडे. मोटर उलटी फिरवली. मग दोर पिंजून सुटायलाच लागला. प्रोग्राम तीनदा तपासला.

उत्तर दिलं आपल्याच वर्गातल्या इचलकरंजीच्या सूतवाल्यानं. तो मागे बसलाय, नाव घेतलं तर लाजेल. फोनवर म्हणाला, “तू शिलाईचा दोरा घेतलीस का? मग असंच होणार की.” शिलाई मशिनवर उसवू नये म्हणून शिवायच्या दोऱ्याला शेवटचा पीळ उजवा दिलेला असतो. दोर वळताना पेडाला धाग्याच्याच दिशेनं आणखी पीळ द्यायचा आणि तीन पेड एकमेकांवर उलट्या दिशेनं बसवायचे, तेव्हाच पीळ एकमेकांना अडवतात आणि दोर सुटत नाही. म्हणजे उजव्या पिळाच्या धाग्यातून डावाच दोर निघणार. जहाजाचा नेहमीचा तीनपेडी दोर उजवा असतो, तर त्याला डाव्या पिळाचा धागा पाहिजे. आणि मागावर चालणारं दुहेरी सूत नेमकं तसंच असतं. एकेरी धागा उजव्या पिळाचा, दोन एकत्र केले की डाव्या पिळाचा. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून असलं सूत आपल्या जिल्ह्यात ढिगानं आहे, आणि मी परदेशातून दोरा मागवायला निघाले होते. त्यानं दोन पदरी चाळीस नंबरचं सूत एका कोनावर पाठवलं, पैसे घेतले नाहीत. ते सुमारे ०.२ मिलिमीटर भरतं. एका पेडात पाच, तीन पेडांत पंधरा धागे, की एक मिलिमीटरचा दोर तयार. चार मीटर धागा लावला की तीन मीटरच्या आसपास दोर हातात येतो, उरलेला पिळात जातो.

हे सगळं समजल्यावर मी सरांकडे गेले आणि विचारलं, तुम्हाला १९९४ साली हे कुणी सांगितलं? सर म्हणाले, “सांगायचं काय त्यात? बेंदूर आला की दावी, कासरे वळायचे असायचे.” त्यांच्या गावात दोर वळायचं काम पिढ्यान्‌पिढ्या मातंग कारागीर करत आले. वाख भिजवायचा, झोडायचा, अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत पेड ताणायचे. सर लहानपणी त्यांच्याच अंगणात बसून शिकले. मोटेचा नाडा आणि सोंदूर वळणाऱ्या त्या हातांना उजवा-डावा पीळ कधी पुस्तकात वाचावा लागला नाही. आपल्या कपाटातल्या गुराबावर त्यांची विद्या आहे. सरांनी ही गोष्ट तेव्हा आम्हाला सांगितली नव्हती, म्हणून आज मी सांगते आहे.

रंगाचं थोडक्यात सांगते. युरोपातल्या जहाजांवर हेंपचे दोर असत. पोर्ट्‌समथला असलेल्या व्हिक्टरी जहाजावर असा दोर सुमारे २६ मैल होता म्हणतात. हेंप कुजू नये म्हणून कायमच्या बांधलेल्या दोरांना पाइनचं डांबर देत, म्हणून प्रतिकृतींत श्राउड काळे दाखवतात. मीही काळे रंगवले होते, आणि सरांनी तपकिरी केलेत म्हणजे सरांचं चुकलं असं मनात म्हणून मोकळी झाले होते. पण काथ्याला ते लागत नाही. सरांचा तपकिरीच बरोबर. तो रंग आणायला मी आधी चहात बुडवून बघितलं, रंग झकास आला. मग वाचनात आलं की चहातल्या टॅनिननं सूत कालांतरानं ठिसूळ होतं. ते सगळं टाकून दिलं आणि कापडाच्या पक्क्या रंगात रंगवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं. लव काढायला दोर गॅसच्या ज्योतीवरून झटकन ओढायचा, आणि मग अगदी थोडं मेण. मेण मी शाळेत लावायचे तेवढं नाही. तेव्हा मी भरमसाट लावत होते, त्यावर तीस वर्षांची धूळ बसली आहे. गाठीला पांढरा गोंद पाणी घालून द्यायचा. झटपट चिकटणारा गोंद दोऱ्याला काडीसारखं कडक करतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

नवे दोर पावसाळाभर वजन टांगून ठेवले, आणि उजवी बाजू मागच्या ऑक्टोबरात बांधली, हवा ना फार दमट ना फार कोरडी असताना. या वेळी ताणली नाही. दोरी सरळ दिसली की थांबायचं.

डोलकाठी बदलली नाही. चीर सांधून घेतली. डावीकडचा जुना दोरा जिथे अजून धरतो तिथे तसाच आहे, थोडा लोंबतो. शाळेतल्या काहीजणांचं म्हणणं होतं की दोन्ही बाजू नव्या करा, कपाटात एकसारखं दिसेल. त्यांचंही चूक नाही. तो दोरा आणखी किती वर्षं टिकेल मला सांगता येणार नाही, आणि एक दिवस तो बदलावाच लागेल. पण मी असेपर्यंत चौसष्ट गाठींना कात्री लागणार नाही, एवढं मी मुख्याध्यापकांना लिहून दिलंय. तुटलेल्या श्राउडच्या जागी नवा बांधला आहे. जुन्या पायऱ्या त्याच्याजवळ नुसत्या टेकून ठेवल्यात.

त्या सहा गाठी अजून बांधायच्या आहेत. उजव्या हातानं मी त्या मारून बघितल्या. गाठ बसते, पण ती त्याची वाटत नाही. आरशात बघून मारायचा प्रयत्न केला, तेव्हा दोन तास गेले आणि मान धरली. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी ग्रंथालयात असेन, सरही येणार आहेत. येताना जवळचा चष्मा विसरू नका, तिथला उजेड फार चांगला नाही. आणि आपल्या वर्गात डावखुरं आणखी कोण होतं, कुणाला आठवतंय का?